आधी कोण गेलं? एका घरातले दोन मृतदेह आणि दोन तापमानं

विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी न्यायवैद्यक विभागात होते तेव्हाची गोष्ट. मे महिना होता आणि पारा रोज ४४-४५ला टेकत होता. एका सोमवारी सकाळी कोल्ड स्टोरेजमधून दोन मृतदेह लागोपाठ टेबलावर आले. नवरा ७८ वर्षांचा, बायको ७१ची. मूलबाळ नाही. घर आतून बंद होतं. झटापटीची खूण नाही, कपाट उघडं नाही, विषाचा वास नाही. पोलिसांनी दोन मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या नोंदी, दाखल करून कागद पाठवले होते. दोघांच्याही हृदयाच्या धमन्या आतून चुन्याने लिंपल्यासारख्या कडक निघाल्या, त्यामुळे मृत्यूचं कारण लिहिताना फार डोकं खाजवावं लागलं नाही. दुपारी डबा उघडेपर्यंत हे प्रकरण कोणाच्या डोक्यातही उरलं नव्हतं.

तीन वर्षांनी दिवाणी कोर्टाचं समन्स आलं. कारणाबद्दल कोणाचाच वाद नव्हता. वाद होता तो दोघांत आधी कोण गेलं याचा. आणि त्याचं उत्तर, तेही चुकीचं, माझ्या सहीने शवविच्छेदन अहवालात आधीच लिहून ठेवलेलं होतं.

नाव-गाव आणि ओळख पटेल असं सगळं मी इथे बदललं आहे. शेजारीपाजारी त्यांना काका-काकू म्हणत, मीही तेच म्हणते.

घर

जुनं बैठं घर. पुढे काकांची खोली, मध्ये बैठक, मागे टिनाच्या छपराचं स्वयंपाकघर आणि त्यामागे परसात तुळस. काकांना दोनदा हार्ट अटॅक येऊन गेलेला, वर्षभर ते जवळजवळ पलंगावरच होते. त्यांना उकाडा सोसणार नाही म्हणून काकूंनी त्यांच्या खोलीत एसी बसवून घेतला होता. स्वतः मात्र बैठकीत कूलरसमोर झोपायच्या.

शनिवारी रात्री साडेनऊला काकूंनी बहिणीला फोन केला. काकांचा खोकला जात नाही, लोणच्याच्या कैऱ्या आणून ठेवल्यात, असं नेहमीचंच बोलणं झालं. रविवारी सकाळी दुधाची पिशवी फाटकाला लटकत राहिली. कामवाली रविवारी येत नसे. संध्याकाळी शेजारणीला ती पिशवी उन्हाने फुगून टम्म झालेली दिसली. तिने हाका मारल्या, माणसं जमवली आणि सव्वासहाच्या सुमारास मागचं दार तोडलं.

काकू स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर कुशीवर पडलेल्या होत्या. काका आपल्या खोलीत पलंगावर उताणे, चादर छातीपर्यंत ओढलेली. खोलीचं दार लोटलेलं आणि एसी चालू. बैठकीतला कूलरही चालूच होता, टाकीत पाण्याचा थेंब नव्हता.

पोलीस आले आणि कोणीतरी पहिलं काम केलं ते एसी बंद करून खिडक्या उघडण्याचं. दरवेळी हेच होतं. आत शिरलेल्या माणसाला कोंडल्यासारखं वाटतं, वासाची धास्ती असते, हात आपसूक खिडकीकडे जातो. साडेसातला पंचनामा सुरू झाला. पंचांना जे दिसलं ते त्यांनी इमानदारीने लिहिलं: पलंगाशेजारी वाटीत कवळी, काकांच्या कानाला बांधलेला रुमाल, ओट्यावर परात, परातीत थोडी कणीक, कूलरची रिकामी टाकी. काकांबद्दल ‘प्रेत पूर्ण ताठरलेले’, काकूंबद्दल ‘मान व हात सैल, पाय ताठ’. खोल्यांचं तापमान तेवढं कुठेच नव्हतं. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात त्याला रकानाच नसतो, मग लिहिणार कोण?

रात्री दहाला दोन्ही मृतदेह कोल्ड स्टोरेजमध्ये गेले, सोमवारी सकाळी दहाला बाहेर आले.

टेबलावर

आमच्या पीएम रूमचा, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीचा, अटेंडंट तीस वर्षांचा मुरलेला माणूस. कोणत्याही निवासी डॉक्टरापेक्षा त्याच्या हातांना जास्त कळायचं. त्याने काकांचा रुमाल सोडला, जबड्याला हात घातला आणि म्हणाला, “मॅडम, बुड्याचं तोंड उघडूनच नाही राह्यलं जी.”

तोंड घट्ट मिटलेलं होतं. कवळी नसल्याने ओठ आत गेलेले. मान, कोपरं, बोटं, गुडघे, सगळं लाकडासारखं. जबडा जोर लावून उघडावा लागला. जिभेवर एक हिरवं पान होतं, तुळशीचं. निवासी डॉक्टरने ‘तोंडात एक पान’ अशी नोंद केली आणि आम्ही पुढे गेलो. म्हाताऱ्याला खोकला होता, तुळस खाल्ली असेल, त्यात काय.

काकूंच्या अंगात ताठरता फक्त मांड्या-पोटऱ्यांत आणि घोट्यांत उरली होती. जबडा सैल. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात हिरवट डाग, म्हणजे कुजणं सुरू झाल्याची पहिली पाटी. काकांच्या पोटावर तसं काही नव्हतं.

अहवालाच्या शेवटी ‘मृत्यूनंतर उलटलेला काळ’ लिहायचा असतो. निवासी डॉक्टरने काकांसाठी लिहिलं १२ ते २४ तास, काकूंसाठी २४ ते ३६ तास. दुपारचा एक वाजला होता, बाहेर अजून तीन मृतदेह थांबलेले होते. मी सही केली.

हे आकडे कुठून आले ते एमबीबीएस झालेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. रायगर मॉर्टिस म्हणजे मरणोत्तर ताठरता, आणि तिचं परीक्षेतलं गणित बाराचं: बारा तास चढायला, बारा तास टिकायला, बारा तास उतरायला. तोंडी परीक्षेत हे उत्तर दिलं की परीक्षक मान डोलावतो. पूर्ण ताठ असेल तर १२ ते २४, उतरत असेल तर २४ ते ३६. पाढा म्हणावा तसं ते हाताकडून लिहिलं जातं.

आता सोमवारी सकाळी दहापासून मागे मोजा. काकूंचा मृत्यू येतो शनिवारी रात्री दहा ते रविवारी सकाळी दहाच्या दरम्यान. काकांचा येतो रविवारी सकाळी दहानंतर. म्हणजे माझ्या अहवालाप्रमाणे काकू आधी गेल्या, आणि काका त्यांच्या मागे काही काळ जिवंत होते.

पुतण्या आणि भाची

एरवी याने कोणाचं काय बिघडलं असतं? पण काकांनी मृत्युपत्र केलेलं होतं, घर बायकोला. काकूंचंही मृत्युपत्र होतं, आपलं जे काही असेल ते बहिणीच्या मुलीला. काका आधी गेले असतील तर घर काकूंचं झालं आणि त्यांच्या मागे भाचीचं. काकू आधी गेल्या असतील तर काकांनी घर ज्या व्यक्तीला दिलं तीच उरली नव्हती, ते दान रद्द होतं आणि घर काकांच्या वारसाकडे जातं, म्हणजे पुतण्याकडे.

अशा पेचासाठी हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ मध्ये कलम २१ आहे. दोघांत आधी कोण गेलं हे कळत नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, वयाने लहान असलेली व्यक्ती मागे उरली असं धरायचं. काकू सात वर्षांनी लहान. त्यामुळे काहीच कळलं नाही तर भाचीचं पारडं जड. पुतण्याला ‘उलट सिद्ध’ करायचं होतं आणि त्याच्या वकिलाच्या हातात सरकारी डॉक्टरचा सही-शिक्क्याचा कागद होता.

ताठरता म्हणजे नेमकं काय होतं

स्नायू आखडतो तो त्यातले दोन प्रकारचे धागे, ॲक्टिन आणि मायोसिन, एकमेकांत अडकून सरकतात म्हणून. अडकायला ताकद लागते असं वाटतं, पण खरा खर्च सुटण्याचा असतो. दर वेळी अडकलेला धागा सोडवायला एटीपी हे शरीराचं इंधन लागतं. मेल्यावर श्वास थांबतो, स्नायूतला साठा थोडा वेळ पुरतो, साठवलेली साखर मोडून थोडं आणखी तयार होतं, मग संपतं. इंधन संपल्यावर धागे अडकतात ते अडकूनच राहतात. ताठरतेचा हा एटीपीशी असलेला संबंध १९४३ साली हंगेरीत एर्डोस या संशोधकाने दाखवला. पुढे स्नायूतलीच विकरं (एन्झाइम्स) धाग्यांचे सांधे कुरतडू लागतात आणि कुजणं त्याला हातभार लावतं, तशी ताठरता उतरते. ती उतरते ती धागे सुटल्यामुळे नव्हे, तुटल्यामुळे.

क्रम नेहमीचा: पापण्या, जबडा, मान, मग हात, मग पाय. १८११ साली नीस्टन या फ्रेंच वैद्याने तो मांडला. सगळ्या स्नायूंत सुरुवात साधारण एकाच वेळी होत असते, लहान स्नायू आधी ताठतात म्हणून ताठरता वरून खाली उतरत गेल्यासारखी दिसते. जातानाही ती बहुधा त्याच वाटेने जाते. म्हणून काकूंचा जबडा सैल आणि पाय ताठ.

हे सगळं रसायनशास्त्र आहे आणि रसायनशास्त्र तापमानाच्या तालावर नाचतं. घरी विरजण लावणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात रात्री लावलेलं दही सकाळपर्यंत लागतं आणि दुपारपर्यंत आंबट होऊन पाणी सोडतं. डिसेंबरात तेच पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवलं तरी सकाळी हलतं दूधच मिळतं. आणि लागलेलं दही फ्रिजमध्ये ठेवलं तर ते आहे त्या अवस्थेत कितीतरी दिवस राहतं. दही किती घट्ट आहे एवढंच बघून विरजण कधी लावलं ते सांगा, असं सासूने विचारलं तर कोणतीही शहाणी सून आधी विचारेल, पातेलं कुठे होतं? आम्ही तेवढंही विचारलं नाही.

आकडे काय सांगतात तेही बघण्यासारखं आहे. १८७२ साली निडरकॉर्न या संशोधकाने ११३ मृतदेहांत पूर्ण ताठरता यायला किती वेळ लागतो ते नोंदवलं. सगळ्यात जास्त मृतदेह चौथ्या तासाला ताठले, पण काही दुसऱ्याच तासाला आणि काही तेराव्या तासाला. ताठरता किती टिकते याबद्दल आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत कलकत्त्यातला मॅकेन्झी यांचा जुना अभ्यास दिलेला असतो: सरासरी १९ तास १२ मिनिटं, कमीत कमी ३ तास, जास्तीत जास्त ४०. उत्तर भारतासाठी न्यायवैद्यकाच्या जुन्या पाठ्यपुस्तकाचे लेखक डॉ. मोदी यांनी हिवाळ्यात २४ ते ४८ आणि उन्हाळ्यात १८ ते ३६ तास दिले आहेत. दुसऱ्या टोकाला, इटलीतल्या तुरीनच्या शवागारात सतत ४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या मृतदेहांचा अभ्यास २००५ मध्ये छापून आला. तिथे दहा दिवसांपर्यंत ताठरता पूर्ण टिकलेली होती. एकीकडे ३ तास, दुसरीकडे दहा दिवस. यात बाराचा पाढा कुठे बसवायचा?

तापमान हा थोरला भाऊ, पण घरात धाकटेही आहेत. मरण्याआधी धावपळ, झटापट, झटके, धनुर्वात, स्ट्रिक्नीनचं विष, विजेचा धक्का किंवा जोराचा ताप असेल तर स्नायूतलं इंधन आधीच खर्ची पडलेलं असतं, ताठरता झटकन येते आणि झटकन जाते. लवकर आलेली लवकर जाते, एवढा एक नियम बऱ्यापैकी टिकतो. पिळदार तरुणाच्या अंगात ती उशिरा येते, पण जोरदार आणि टिकाऊ. म्हाताऱ्या, खंगलेल्या किंवा अगदी लहान मुलाच्या अंगात लवकर, मवाळ आणि अल्पजीवी. काका वर्षभर पलंगावर, हातापायांच्या काड्या झालेल्या. साध्या खोलीत त्यांची ताठरता लवकर येऊन लवकर गेली असती. ती सोमवारपर्यंत लाकडासारखी टिकली यातच एसीचा हात दिसायला हवा होता.

आणि माणसांचे हातही असतात. पुरती चढलेली ताठरता कोणी सांधा वाकवून मोडली तर ती परत येत नाही. अरुंद दारातून स्ट्रेचर काढताना, ॲम्ब्युलन्समध्ये सरकवताना हात सरळ केले जातात, आणि मग कोणी तपासलं तर तो हात ‘सैल’. काकूंना पंचनाम्याच्या वेळी उताणं करताना दोघांनी हात धरले होते, हे मला नंतर हवालदाराकडून कळलं. तेव्हा ‘हात सैल’ हे वाक्य मी बाजूला ठेवलं. त्यांचा जबडा मात्र कोणी उघडून पाहिलेला नव्हता, आणि तोही सैल होता.

फाइल पुन्हा उघडली तेव्हा

समन्स आल्यावर मी पोलीस ठाण्यातून पंचनामा आणि फोटो मागवले. पहिला शोध फोटोतच लागला. आत शिरल्याबरोबर काढलेल्या एका फोटोत एसीच्या पट्टीवरचा हिरवा आकडा दिसत होता: २०.

घर तोपर्यंत कुलूपबंद होतं, वादात अडकलेलं. दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या संमतीने मी मे महिन्यातच एका दुपारी तिथे गेले. तीन वाजता टिनाखाली थर्मामीटर ४३ दाखवत होता, रात्री नऊला ३५. पुढच्या खोलीत एसी लावून दार लोटल्यावर तासाभरात पारा २१वर आला. त्या वर्षीचं हवामान तेच होतं असा दावा मी करत नाही. पण एकाच छपराखाली दुपारी २२ अंशांचा फरक होता, हे सांगायला तेवढं पुरे.

आता दोघांचं पुन्हा वाचन केलं.

काकू: फोन साडेनऊचा, पंचनामा दुसऱ्या दिवशी साडेसातला, म्हणजे जास्तीत जास्त २२ तास. रात्रभर पस्तिशीच्या आसपास आणि दिवसभर चाळिशीच्या वर. एवढ्या उष्णतेत २२ तासांच्या आतच ताठरता उतरणीला लागणं आणि पोटावर हिरवा डाग येणं अगदी साहजिक. सोळा तासांतही ते होऊ शकतं. म्हणजे त्या शनिवारी रात्री दहाला गेल्या असतील किंवा पहाटे तीनला. माझा ‘२४ ते ३६’चा आकडा चुकून बरोबर वाटायचा तो मधले बारा तास कोल्ड स्टोरेजमध्ये गेले म्हणून. त्या बारा तासांत घड्याळ जवळपास थांबलेलं होतं आणि आम्ही ते चालू धरलं होतं.

काका: २० अंशांच्या खोलीत पूर्ण ताठरता. अशा थंडाव्यात ती रविवारी सकाळी सहाच्या मृत्यूलाही जुळते आणि शनिवारी रात्री दहाच्याही. पुढे कोल्ड स्टोरेजने ती जशीच्या तशी गोठवली. ‘१२ ते २४’ला काहीही आधार नव्हता.

अंगाचं तापमान घेतलं असतं तर? काकांच्या बाबतीत थोडा उपयोग झाला असता. काकूंच्या बाबतीत शून्य. थंड होत जाणाऱ्या शरीरावरून वेळ काढायची तर भोवतालची हवा शरीरापेक्षा थंड लागते. विदर्भातल्या मे महिन्यात टिनाखाली दुपारी प्रेत थंड होत नाही, तापतं. थंड देशांत बसवलेली सूत्रं इथे नुसती भिंतीवर टांगायची.

म्हणजे ताठरतेवरून एवढंच म्हणता येत होतं की दोघंही शनिवारी रात्री साडेनऊनंतर आणि बहुधा रविवारी उजाडण्याच्या आगेमागे गेले. क्रम सांगता येत नव्हता. मी तसं टिपण तयार केलं. फोटो पाकिटात परत घालताना काकांचा चेहरा जवळून घेतलेला फोटो हातात आला, आणि तिथे मी अडकले.

रुमालाची गाठ डोक्यावर होती.

एसीचा गारवा लागू नये म्हणून म्हातारी माणसं कानाला रुमाल बांधतात, पंचांनीही तेच धरलं. पण कानाला बांधलेल्या रुमालाची गाठ हनुवटीखाली येते. टाळूवर गाठ येते ती रुमाल हनुवटीखालून वर नेऊन बांधला तर. तसा रुमाल आपल्याकडे एकाच कारणासाठी बांधतात. माणूस गेला की सगळे स्नायू आधी सैल पडतात, जबडा खाली लोंबतो. घरातलं जुनंजाणतं कोणीतरी डोळे मिटतं, हनुवटी बांधतं, हातपाय सरळ करतं, पायाचे अंगठे जुळवून बांधतं, तोंडात तुळशीचं पान ठेवतं. अंग ताठायच्या आत हे उरकायचं असतं. लिंगायत घरांत तर मृताला बसलेल्या स्थितीत समाधी द्यायची असते, तिथली वडीलधारी माणसं अंग कधी धरेल याचा अंदाज आमच्यापेक्षा जास्त बारकाईने ठेवतात. मी स्वतः माझ्या आजीची हनुवटी बांधताना आईला मदत केली आहे. आणि तीच मी, पीएम रूममध्ये ॲप्रन घालून उभी असताना, ‘कानास रुमाल’ वाचून पुढे गेले होते.

साक्ष

पुतण्याच्या वकिलांनी सुरुवात अपेक्षेप्रमाणेच केली.

“डॉक्टर मॅडम, ही सही तुमचीच?”

“हो.”

“यात काकूंसाठी २४ ते ३६ आणि काकांसाठी १२ ते २४ तास लिहिलंय. तेव्हा तुम्हाला जे दिसलं ते लिहिलंत, की आज सोयीचं वाटतंय ते सांगताय?”

“दिसलं ते बरोबर लिहिलं. त्यावरून तास काढले ते चुकले. खोलीचं तापमान विचारायला हवं होतं, विचारलं नाही.”

भर कोर्टात हे म्हणणं सोपं नसतं, हे कबूल करते. घशाला कोरड पडली होती. पण अहवालातलं निरीक्षण आणि अहवालातलं मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मत दुरुस्त करता येतं. मत दुरुस्त करायची लाज वाटून निरीक्षणच वाकवणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत.

मग रुमालावर आलो. मी सांगितलं ते एवढंच: ताठरता किती वाजता आली हे मला सांगता येत नाही, पण ती येताना शरीर ज्या स्थितीत असतं ती स्थिती ती धरून ठेवते. काकांचं तोंड मिटलेल्या स्थितीत ताठलं होतं. लोंबता जबडा ताठल्यावर नंतर रुमाल बांधला असता तर तोंड उघडंच राहिलं असतं, किंवा जबडा मोडून मिटवावा लागला असता आणि मग तो पुन्हा एवढा घट्ट झाला नसता. म्हणजे रुमाल बांधला गेला तो मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांत, जबडा सैल असताना.

“काकांनी स्वतःच बांधला असेल. दात दुखत असेल,” वकील म्हणाले.

“दात नव्हते. कवळी वाटीत होती, पंचनाम्यात आहे.”

न्यायाधीश महोदय खाली बघून काहीतरी लिहू लागले. भाचीच्या वकिलांना खोकला आला.

“आणि ते पान? खोकल्यासाठी तुळस खातात.”

“चावून खातात. हे अख्खं होतं, जिभेवर सपाट ठेवलेलं.”

रुमाल कोणी बांधला हे मी सांगितलं नाही, ते माझं काम नव्हतं. घर आतून बंद होतं आणि आत दोनच माणसं होती हे पंचनाम्यात होतंच. पायाचे अंगठे मात्र बांधलेले नव्हते. वकिलांनी ते बरोबर हेरलं: विधी करायचे होते तर अर्धेच का केले? मी म्हटलं, याचं उत्तर वैद्यकशास्त्रात नाही.

निकाल लागलाच नाही. पुढच्या दोन तारखांनंतर दोन्ही बाजूंनी तडजोड केली, घर विकलं, रक्कम वाटून घेतली. कोणाला किती मिळालं ते मला माहीत नाही. आमच्या विभागात मात्र तेव्हापासून मर्गचे कागद घेताना हवालदाराला तीन प्रश्न विचारायची पद्धत सुरू झाली: पंखा, कूलर, एसी काय चालू होतं; कोणी बंद केलं; आणि हलवण्याआधी अंग कसं होतं. सुरुवातीला ते वैतागायचे, मग फोटो काढून आणायला लागले.

एक गोष्ट साक्षीत आली नाही, कारण कोणी विचारली नाही. पंचनाम्यातली परातीतली कणीक. तपास करणाऱ्यांनी तिचा अर्थ पोळ्यांची तयारी असा लावला होता. पण फोनवर काकूंनी बहिणीला जेवणं झाल्याचं सांगितलं होतं, आणि दोघांच्या पोटात अन्न होतंही. शिवाय फोटोत परात स्पष्ट दिसते. गोळा लिंबाएवढा आहे, मधोमध अंगठ्याने खळगा केलेला, आणि शेजारी तेलाची वाटी. माणूस गेल्यावर उशाशी कणकेचा दिवा लावतात, तो तेवढाच असतो.